दहावी 'क'तर्फे सप्रेम भेट

जानेवारी सरता सरता निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून आतल्या पानावर जातो, चौकाचौकांत द्राक्षांच्या हातगाड्या लागतात आणि एका सकाळी गंगापूर रोडवर स्कूटीमागून स्कूटी भरजरी साड्या घेऊन धावू लागतात. परगावचा माणूस बुचकळ्यात पडतो. सकाळी साडेआठला एवढी लग्नं? आणि सगळ्या करवल्यांच्या पायांत स्पोर्ट्‌स शूज? नाशिककर शांतपणे म्हणतो, "दहावीचा सेंड-ऑफ असेल," आणि आपली गाडी पुढच्या गल्लीतून काढतो.

स्कूटी आई चालवत असते, कारण मुलीला लायसन्स मिळायला अजून अवकाश आहे. आईच्या अंगावर घरातला धुवट ड्रेस. मागे बसलेल्या मुलीच्या अंगावर आईची येवल्याची पैठणी. ही पैठणी 'चांगल्या कार्याला नेसू' म्हणून आईने लग्नापासून मलमलीत गुंडाळून ठेवलेली. सख्ख्या भावाच्या लग्नातही ती चुरगळेल म्हणून कपाटातून निघाली नव्हती. आज ती शाळेच्या बाकावर बसणार आहे. त्या बाकावर आधीच्या कित्येक तुकड्यांनी कर्कटकाने आपापली नावं कोरलेली आहेत आणि त्याचा डाव्या बाजूचा खिळा सगळ्या शाळेला पाठ आहे. ब्लाउज दोन्ही बाजूंनी टाके घालून निम्मा केलेला, आणि एकूण साडी सेफ्टी पिनांच्या भरवशावर उभी. "पळू नकोस, वाकू नकोस, हात वर करू नकोस," एवढ्या सूचना देऊन आई तिला फाटकाशी सोडते. आत गेल्यावर मुलगी पहिल्यांदा पळते, मग वाकते, मग हात वर करून सेल्फी काढते.

मुलांचं त्या मानाने सोपं असतं. कुणाच्या तरी मोठ्या भावाच्या साखरपुड्यातला ब्लेझर मिळाला की झालं. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येतात, त्यामुळे हातात मोबाइल आहे की नाही, ते सरांना कळत नाही.

या समारंभाची कार्यक्रमपत्रिका कुणी ठरवली, हे कुठल्याच शाळेच्या दप्तरात सापडणार नाही. शाळा शहरातली असो की नाशिक रोडची, शंभरीची असो की परवा निघालेली, क्रम एकच: दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, विद्यार्थ्यांची मनोगतं, शिक्षकांची मनोगतं, भेटवस्तू प्रदान, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय समारोप, आभार आणि समोसा. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ सालचा, भोसला मिलिटरी स्कूल १९३७ सालचं. म्हणजे या गावात निरोपाचं भाषण चांगलं मुरलेलं आहे. मुरांब्याला जितकी वर्षं लागत नाहीत तितकी त्याला मिळाली आहेत.

दीपप्रज्वलनाला वेळ लागतो. पाचवी वात पेटेपर्यंत पहिली विझते, मग खालून कुणीतरी "पंखा बंद करा" असं ओरडतं, आणि नेमका माइकचा खटका बंद होतो. ईशस्तवनाची पेटी काळी चारला आणि मुली पांढरी पाचला लागलेल्या असतात. दोघी शेवटच्या कडव्यात भेटतात. तिथपर्यंत सगळं सुरळीत.

खरी मौज प्रास्ताविकापासून. निरोपाच्या भाषणात शाळा हे ज्ञानमंदिर असतं, शिक्षक दीपस्तंभ असतात, मुलं पाखरं असतात आणि दहावी हा उंबरठा असतो. ज्ञानमंदिरात, दीपस्तंभाखाली, उंबरठ्यावर बसलेली ही पाखरं वर्षानुवर्षं पंख पसरून तयार आहेत. उडत नाहीत, कारण विज्ञानाच्या प्रयोगवहीवर सही घ्यायची राहिलेली असते.

अमेरिकेत म्हणे शाळा पुरती संपते, मग मुलं झगे घालून टोप्या हवेत फेकतात. आपल्याकडे आधी निरोप, मग अभ्यास, मग परीक्षा. पंगत उठून वऱ्हाड घरी गेल्यावर महिन्याभराने लग्न लावावं, तसा हा प्रकार. त्यामुळे समारंभातल्या रडण्यात दोन सूर मिसळलेले असतात. एक शाळा सुटणार म्हणून. दुसरा, बीजगणिताचा पेपर अजून सुटायचा आहे म्हणून.

त्या दुसऱ्या सुराचं नाव बोर्ड. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ पासून काम करतं, त्याची राज्यात नऊ विभागीय मंडळं आहेत आणि नाशिकच्या मंडळाकडे नाशिकसह धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे चार जिल्हे आहेत. हे झालं कागदावरचं. आठवीतल्या मुलाच्या मनात बोर्ड ही एक जिवंत व्यक्ती असते आणि तिचा आपल्यावर खास राग असतो. "इथे चालून जाईल, बोर्डाला चालणार नाही." "बोर्डाला समास लागतो." "बोर्ड अक्षर बघतं." सासरच्या माणसांची भीती घालून मुलींना स्वयंपाक शिकवायची रीत घरांतून गेली आणि शाळांतून राहिली.

बोर्डाचा स्वभाव मात्र मिस्कील आहे. २०२५ साली त्याने परीक्षा नेहमीपेक्षा लवकर, २१ फेब्रुवारीलाच सुरू केली. पहिला पेपर मराठीचा. त्या दिवशी जागतिक मातृभाषा दिन. सहा दिवसांनी २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. शहरभर ग्रंथदिंड्या, व्याख्यानं, अभिवाचनं. तोवर दहावीच्या मुलांनी मराठीचं पुस्तक धाकट्या भावाला देऊन टाकलेलं होतं. मातृभाषेच्या गौरवाच्या दिवशी मातृभाषेतून मोकळी झालेली पिढी तयार ठेवायची, हे वेळापत्रक साध्या माणसाला जमणारं नाही.

कुसुमाग्रजांचं नाव आलंच आहे, तर 'कणा'विषयीही बोललं पाहिजे. ही कविता निरोप समारंभात महाराष्ट्रभर म्हटली जाते, पण नाशिकचा तिच्यावर घरचा हक्क. कवी इथलाच, इथल्याच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, म्हणजे आजच्या रुंगठा हायस्कूलमध्ये शिकलेला; आणि पुराचं पाणी घरात आणणारी गंगामाई नाशिककराला आपलीच गोदावरी वाटते. एक मुलगी ती डोळ्यांत पाणी आणून म्हणते. कवितेतला विद्यार्थी सरांकडे पैसे मागत नाही, नुसता पाठीवर हात मागतो. मागच्या रांगेतले बाप या ओळींना एकमेकांकडे बघतात. त्यांच्या काळी सरांचा हात पाठीवर न मागता पडत असे, आणि लढण्याचं बळ मिळण्याऐवजी बसण्याचं जात असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तो हात आवरला. आता मुलांना पाठीवर हात हवा असेल, तर कवितेतच मागावा लागतो.

यानंतर विद्यार्थ्यांची मनोगतं. पहिलं मनोगत 'अ' तुकडीतल्या हुशार मुलीचं. तिच्या हातात चार घड्यांचा कागद असतो. तिला त्याची गरज नसते, पण वाया जाऊ नये म्हणून तो आणलेला असतो. शाळेने तिला शिस्त दिली, वक्तशीरपणा दिला, संस्कारांची शिदोरी दिली. शिक्षक टाळ्या वाजवतात. मुलं वाजवत नाहीत, कारण ती समोशांचा वास कुठून येतोय याचा शोध घेत असतात.

मग सूत्रसंचालिका जरा अडखळत म्हणते, "आता दहावी 'क'मधून..." आणि सभागृह जागं होतं. मागच्या बाकावरून एक मुलगा उठतो. त्याच्याकडे कागद नाही. माइक उंच, तो बुटका. माइक खाली करायला गेल्यावर त्याचं बोंडूक हातात येतं. इथेच त्याने निम्मी सभा जिंकलेली असते.

"नमस्कार. मला आठवीतलं सांगायचंय. मधल्या सुट्टीत आम्ही भिंतीवरून पाववडा घ्यायचो..."

बस्स. आख्खी दहावी आपापल्या भिंतीवर चढते. पावाच्या पोटात भाजी भरून तो सगळाच्या सगळा बेसनात बुडवून तळायचा, ही नाशिकची खासियत. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला हा ऐवज दप्तरातून वर्गात न्यायचा आणि तेलाचा डाग इतिहासाच्या वहीवर पाडायचा. तपासताना सरांना तो नकाशा वाटला आणि त्यांनी शेरा मारला, 'भागांना नावे द्या'. हे सांगून झाल्यावर सभागृहात जे हसू फुटतं, त्यात मुलं असतात, पालक असतात आणि तोंडावर रुमाल धरलेले इतिहासाचे सरही असतात.

इतक्या समारंभांत पाहुणा, पालक आणि माजी विद्यार्थी म्हणून बसल्यावर माझी एका गोष्टीची खात्री झाली आहे. शाळेने जे शिकवलं त्याबद्दल निरोपाच्या दिवशी आभार मानले जातात. पण आठवण निघते ती शाळेने जे जे करू दिलं नाही त्याची. पाच वर्षं तक्ते लावून शिकवलेली प्रकाशसंश्लेषणाची क्रिया कुणाही मनोगतात येत नाही. जिन्यावरून घसरगुंडी, दुसऱ्याचा डबा, प्रार्थनेत आवरलेलं हसू, पी. टी.च्या तासाला दुखणारा पाय, हे सगळं येतं. ज्या गुन्ह्यांसाठी आठवीत वर्गाबाहेर उभं केलं, त्याच गुन्ह्यांसाठी दहावीत व्यासपीठावर उभं करून टाळ्या दिल्या जातात. मुद्देमाल तोच, आरोपी तोच, न्यायाधीशही तेच.

नाशिकच्या मुलांच्या आठवणीत तर आख्खं गाव साथीदार म्हणून सापडतं. पावसाळ्याचंच घ्या. इथल्या विद्यार्थ्याला हवामान खात्याची गरज पडत नाही. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पुराचं माप दाखवतो. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, तर शाळा चालू. कमरेला पाणी, तर गृहपाठ न केलेल्यांच्या चेहऱ्यावर तेज. छातीला पाणी, तर पंचवटीकडची मुलं घरीच. आणि गळ्याला पाणी, तर 'सर, सुट्टी जाहीर झाली का?' असा कळकळीचा फोन. एरवी शनिवारीसुद्धा मारुतीला न फिरकणारी मुलं त्या दिवशी पुलावर उभी राहून हात जोडतात. मागणं एकच, "देवा, अजून जरासं." २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये देवाने जरा जास्तच ऐकलं. गोदाकाठच्या दुकानदारांनी ते पूर चिखल उपसून लक्षात ठेवले. शाळेत ते घटक चाचणीच्या संदर्भात लक्षात राहिले.

दुसरा साथीदार सिंहस्थ. २००३ ला आला, २०१५ ला आला, पुढचा २०२७ चा. साधूंची मिरवणूक, बंद रस्ते, बॅरिकेड्सच्या पलीकडे राहिलेले वर्गशिक्षक. ज्याला गणवेशात असताना सिंहस्थ मिळाला, तो भाग्यवान. मात्र एकाच माध्यमिक शाळेतून दोन सिंहस्थ पाहायचे, तर फारच जिद्दीने नापास व्हावं लागतं.

नाशिक रोडच्या शाळांत आठवणींना वेगळा छाप असतो. तिथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे. कामगारांच्या मुलांनी वर्ग भरलेले. सहलीचे पैसे मागितले की महाराष्ट्रातला कुठलाही बाप डोळे वटारून जे विचारतो, तेच तिथलाही बाप विचारतो, "पैसे काय छापतो का मी?" फरक इतकाच, की तिथल्या मुलाला "हो" म्हणायची सोय असते. म्हटल्यानंतर काय होतं, तेही मनोगतात येतं.

सहल हा तर स्वतंत्र अध्याय. जूनमध्ये सहल गोव्याला ठरते. दिवाळीनंतर ती गणपतीपुळ्यावर येते. डिसेंबरात परवानगीचे कागद अडतात आणि जानेवारीत एसटीची लाल गाडी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभी राहते. वर्गाच्या खिडकीतून जो डोंगर पाच वर्षं दिसला, तोच बसचे पैसे भरून जवळून पाहायचा. तिथे तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी किती शूर, किती गुणी, किती आज्ञाधारक, याचं या माउलीने दगडात कोरून कौतुक केलं. मुलं आईच्या मायेने भारावून जातात. आता आया तेच कौतुक निकालाच्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. दगडाचा एक फायदा होता: त्याखाली पंचेचाळीस जणींना अंगठे दाखवावे लागत नसत.

आणि रंगपंचमी. इतर गावं धुळवडीला रंगून घेतात. नाशिकची रंगपंचमी पेशवेकाळापासूनच्या रहाडींची. रस्त्याखाली झाकलेले हे दगडी हौद त्या दिवशी उघडतात, रंगाने भरतात आणि माणसं त्यात धप्पकन उड्या मारतात. तिवंधा असो की शनी चौक, त्या रंगाचा लौकिक असा, की तो सहजी उतरत नाही. दहावीच्या मुलाचं दुःख यात आहे की हा सण मार्चमध्ये येतो. २०२३ साली तर तो परीक्षेच्या ऐन मध्यावर, १२ मार्चला आला. दाराला बाहेरून कडी लावून बसलेल्या आया मी पाहिल्या आहेत. तरीही दरवर्षी एखादा निसटतोच. मग परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक हॉल तिकिटावरचा फोटो बघतात, समोरचा केशरी इसम बघतात, पुन्हा फोटो बघतात. त्या मुलाने पेपरात काय लिहिलं हे कुणाला आठवत नाही. त्याचा रंग मात्र तुकडीच्या इतिहासात पक्का.

विद्यार्थ्यांनंतर शिक्षकांची मनोगतं. "तुमच्यासारखी बॅच पुन्हा होणे नाही," हे वाक्य दरवर्षी म्हटलं जातं आणि दरवर्षी खरं असतं. 'अ' तुकडीला ते अभिनंदन वाटतं. 'क'मध्ये ते सुटकेचा निःश्वास म्हणून पोहोचतं. भूगोलाच्या बाई पहिल्या वाक्यालाच रडतात. वर्षभर ज्यांच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने वर्ग गप्प व्हायचा, त्यांचा हुंदका ऐकून मुलं अस्वस्थ होतात. या बाईंना नाक असतं आणि ते पुसावं लागतं, ही बातमी त्यांना नवीन असते.

अशाच एका समारंभात गणिताचे एक सर बोलायला उभे राहिले. फळ्याकडे तोंड करून लिहिताना पाठीमागे कोण काय करतंय ते त्यांना दिसायचं, म्हणून तुकड्यांमागून तुकड्यांनी त्यांचं नाव दुतोंड्या ठेवलेलं. हे नाव सरांना ठाऊक नाही, अशी मुलांची समजूत होती. सरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणाले, "मी दुतोंड्या. मला या नावाचा राग नाही. त्या मारुतीचं आणि माझं काम एकच. पाणी कुठवर आलंय, ते पाहायचं. सगळ्यांचं पाहिलंय. तुम्ही बुडत नाही. फक्त भूमिती जास्त करा." सभागृहाला हसावं की रडावं ते कळेना. मग 'क' तुकडीने ठरवून टाकलं आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. सरांनी त्या टाळ्यांकडे पाठ फिरवली आणि जाता जाता, मागे न बघता म्हणाले, "तिसऱ्या रांगेतला, मोबाइल खिशात."

आता भेटवस्तू. दर तुकडी शाळेला काहीतरी देऊन जाते आणि ते काहीतरी घड्याळच असतं. यासाठी आधी वर्गणी निघते. कुणी पाण्याचा कूलर सुचवतो, कुणी ग्रंथालयाला पुस्तकं, कुणी प्रोजेक्टर. वर्गणी जमते तसा प्रोजेक्टरचा कूलर होतो, कूलरची पुस्तकं होतात, आणि शेवटच्या दिवशी दोघे जण मेनरोडवरून घड्याळ घेऊन येतात. उरलेल्या पैशांचा हिशोब देताना ते मिसळीचा उल्लेख टाळतात. घड्याळावर लाल अक्षरांत: 'दहावी क तर्फे सप्रेम भेट', खाली साल. अशी घड्याळं जुन्या शाळेच्या भिंतीवर ओळीने लागलेली असतात. १९८८ चं पावणेतीनला थांबलंय. १९९७ चं चालतं, पण मागे. २००६ च्या घड्याळाचा सेकंदकाटा जागच्या जागी थरथरतो. पुढे जायचा त्याचा विचार आहे, पण हिंमत होत नाही. शिपाईमामा घंटा देताना यांपैकी एकाकडेही बघत नाहीत. ते चहावाल्याच्या येण्याकडे बघतात, आणि शाळा वेळेवर सुटते.

यानंतरचे प्रमुख पाहुणे बहुधा माजी विद्यार्थी असतात, आणि इथे पिढ्यांचा सामना लागतो. १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी एकदमच बाहेर पडल्या. परवा दोन्ही तुकड्यांची पन्नाशी झाली. एका मंगल कार्यालयात शेजारी शेजारी बसलेले हे आजोबा अजून भांडतात. अकरावीवाले म्हणतात, "आम्ही एक वर्ष जास्त शिकलो." दहावीवाले म्हणतात, "तुम्हाला एक वर्ष जास्त लागलं." दोघांच्याही गोळ्या जेवणाआधीच्या असतात, म्हणून वाद वेळेवर मिटतो.

२०२० च्या तुकडीचं दुखणं निराळं. त्यांचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. करोनामुळे तो आधी पुढे गेला, मग रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण मिळाले. फक्त भूगोल न देता पास झालेली महाराष्ट्रातली ही एकमेव पिढी आज मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून फिरते आणि रस्ता चुकली तर शासनाकडे बोट दाखवते. पण २०२१ वाल्यांपुढे ही मंडळीही गप्प बसतात. त्या वर्षी परीक्षा झालीच नाही. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन धरून निकाल लागला, ९९.९५ टक्के. १६ जुलैला तो पाहायला सगळं राज्य एकदम धावलं आणि निकालाचं संकेतस्थळ कोसळलं. त्या वर्षी ताण सहन न होऊन बसलेलं म्हणाल, तर तेवढंच एक. या तुकडीला शाळेच्या आठवणी विचारल्या तर ती एकसुरात सांगते, "सर, तुमचा आवाज येत नाहीये." भिंतीवरून पाववडा घ्यायचं भाग्य तिला शेवटच्या वर्षी लाभलं नाही. घरातल्या भिंतीवरून उडी मारून स्वयंपाकघरातच जाता येतं.

शिक्षक आणि पालक ज्याला वाया गेलेलं वर्ष म्हणतात, ते या मुलांना खरोखर वाया गेलेलं वाटतं, यातच सगळं आलं. अभ्यासक्रम पोहोचला होता. गुणही भरपूर पोहोचले होते. राहून गेला तो गोंधळ. कुणी वर्गाबाहेर उभं करायला नव्हतं, कारण वर्गच नव्हता. त्यामुळे पुढे पंचवीस वर्षांनी स्नेहसंमेलनात सांगायला लागणारा कच्चा मालच गोळा झाला नाही. परवा त्यांच्यातला एक जण भेटला. मी विचारलं, "दहावीची एखादी आठवण?" तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "म्यूट राहिलो होतो भो."

अध्यक्षीय समारोप होतो. अध्यक्षांना वेळेचं भान असल्याने ते 'मी फार वेळ घेणार नाही' असं म्हणतात आणि तेवढं म्हणायलाच बराच वेळ घेतात. मग आभार. आभारप्रदर्शन ही मराठी समारंभातली अशी एक कला आहे, की जी रिकाम्या खुर्च्यांसमोरच सादर होते. संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, मांडववाले, ध्वनिक्षेपकवाले आणि 'अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असेल तर त्यांचे' आभार मानून होईपर्यंत समोसे संपलेले असतात, आणि ज्यांचं नाव राहिलं त्यांना चटणी मिळते.

मग रडारड. शर्टांवर स्केचपेनने सह्या. ज्यांच्याशी पाच वर्षं बोलणं नव्हतं, त्यांच्या गळ्यात गळे. "संपर्कात राहा हं," असं मुली एकमेकींना सांगतात. त्या एकाच सोसायटीत राहतात. पैठणीचा पदर खिळ्यात अडकलेला आहे, हे अजून आईला कळायचंय. सगळं गाव हळवं झालेलं असताना मुख्याध्यापक पुन्हा माइक हातात घेतात आणि खाकरतात.

"एक महत्त्वाची सूचना. दहावीचे जादा तास नेहमीप्रमाणे होतील. उद्या सकाळी ठीक सात वाजता सर्वांनी गणवेशात उपस्थित राहावे."

दुसऱ्या दिवशी ज्ञानमंदिर भरतं. काल कायमची उडालेली पाखरं स्वेटर घालून, जांभया देत, रांगेत आत शिरतात. सात वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी दहावी 'क'चा तो मुलगा येतो. काल त्याने सभागृह हसवलं होतं, आज पी. टी.चे सर आडवे उभे आहेत.

"काल निरोप घेतलास ना? मग आज कशाला आलास?"

"सर, प्रयोगवहीवर सही राहिलीय."

"किती वाजले?"

मुलगा व्हरांड्यातल्या भिंतीकडे बोट दाखवतो. काल सायंकाळीच तिथे नवं घड्याळ लागलंय, लाल अक्षरांसकट. त्यात सातला दहा कमी आहेत.

सर घड्याळाकडे बघतात, त्यावरचं नाव वाचतात, आणि म्हणतात, "बरोबर आहे. मग सात वाजेपर्यंत बाहेर उभा राहा."